आईच्या फोटोतलं कुंकू

आईचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं आणि धाकट्या भावाने घराचं रंगकाम काढलं. भिंतीवरच्या फ्रेमा उतरवल्या, कपाटं रिकामी केली आणि जुन्या फोटोंची पत्र्याची पेटी ओसरीवर आणून माझ्यापुढे आदळली.

"आक्का, एवढं लावून दे. तुलाच माणसं वळखू येत्यात."

मी घरातली थोरली, मंचरला दिलेली. नवरा जाऊन काही वर्षं झाली, तेव्हापासून माझंही कपाळ मोकळंच. निमगाव साव्याला माहेरी आले की असली किचकट कामं माझ्याच गळ्यात पडतात. तक्रार नाही, पण पडतात हे खरं.

निम्म्या फोटोंत लग्नंच. पुरुष सगळे छाती काढून उभे, बायका सगळ्या खाली बघतायत, जसं काही जमिनीवर कुणाची नाकातली फुली पडलीय. ओल लागून काही फोटो एकमेकांना असे चिकटलेले की सोडवताना एका मामाचं तोंड भलत्याच लग्नात गेलं. मी आणि वहिनी हसून हसून बेजार झालो.

मग ओझरच्या गणपतीबाहेर काढलेला फोटो निघाला. वडील, त्यांच्या खांद्याला खांदा लावून आई, तिच्या कडेवर भाऊ आणि पुढे फ्रॉक घातलेली मी. आई चक्क दात दाखवून हसतेय. वडिलांच्या कपाळाला देवळातलं गंध, आईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"अगंबाई, ह्याच्यावरनंच तर दोन्ही फ्रेमा केल्यात," वहिनी म्हणाली.

तिचं खरं होतं. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. त्यांची फ्रेम ह्याच फोटोवरून केलेली. आणि मागच्या वर्षी आई गेली, दशक्रियेच्या फ्लेक्सला घाईने फोटो हवा होता, तर आईचा एकटीचा फोटो घरात एकही नाही. तेव्हा भावाने हाच फोटो मोबाइलवर घेऊन आळेफाट्याच्या एका स्टुडिओत पाठवला होता. पुढे तिथूनच फ्रेमही आली.

भिंतीला टेकून ठेवलेल्या त्या दोन फ्रेमा मी ओढून घेतल्या आणि मधे फोटो ठेवला. वडिलांचं गंध जसंच्या तसं. आईचं कपाळ मात्र गुळगुळीत. मंगळसूत्र गायब, हिरवं लुगडं पांढुरकं. वर्षभर येता-जाता मी त्या फ्रेमेला हात जोडले आणि आई अशी परकी का दिसते म्हणून मनात कुढले. माझं डोकंच फिरलं.

"हे पुसायला तू सांगितलंस?" मी भावाला विचारलं.

"मी कशाला सांगू? त्यानं इचारलं, वडील हायत का. मी म्हणलं, न्हाईत. मग त्यानं त्याचं त्यानंच केलं."

"आणि तू बघितलं नाहीस?"

"बघितलं की. बरोबरच व्हतं ना."

बरोबर म्हणे! वडील गेले त्या दिवशी बायकांनी आईला धरून तिचं कुंकू पुसलं, ते मी दाराआडून बघितलं होतं. ती मान फिरवत होती आणि त्या तिची मान धरत होत्या. आता मेल्यावर तेच पुन्हा केलं, कॉम्प्युटरवर बसून, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला भयंकर राग आला आणि रडूही आलं.

मी भावाला सांगून टाकलं, "वर्षश्राद्धाला ही फ्रेम भिंतीवर दिसली तर मी उंबरा चढणार नाही. काही एक न पुसता नवीन करून आण."

तो गेला आणि शेजारून आमच्या चुलत्यांना, नानांना, घेऊन आला. घरात नानांच्या शब्दापुढे कुणी जात नाही.

"आगं, विधवा बाईच्या फोटूला कुंकू असतंय व्हय? पावणं काय म्हणतील?"

मी फोटो त्यांच्यापुढे धरला. "नाना, आईशेजारचा हा खांदा कुणाचा?"

"तुझ्या बापाचा."

"तुमचा भाऊ शेजारी जिवंत उभा आहे, मग त्याची बायको विधवा कशी झाली हो?"

नाना जरा चपापले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लई बोलतीस. सोता कुंकू लावतीस का तू?"

भाऊ खाली बघत बसला. नानांसमोर कधी तोंड न उघडणारी वहिनी मात्र उठली, तिने आईची फ्रेम आणि तो फोटो उचलला आणि म्हणाली, "नवीन फ्रेम करायला मी जाते आळेफाट्याला."

वर्षश्राद्धाला आई भिंतीवर हसत होती, कुंकवासकट. दोघीतिघी कुजबुजल्या. कुजबुजू देत! म्हातारी चुलती तेवढी फ्रेमेपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आशीच हसायची गं ती."

पण नानांचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. मंचरला उतरले ती घरी न जाता बाजारात गेले, टिकल्यांचं पाकीट घेतलं, त्यातली सगळ्यात मोठी टिकली कपाळाला लावली आणि तशीच स्टुडिओत जाऊन खुर्चीवर बसले. फोटो काढताना खाली बघितलं नाही.

घरी येऊन फोटो माझ्या मुलाच्या हातात दिला. "मी गेले की हाच लावायचा. ह्यातलं काही पुसायचं नाही."

"आई, असलं अभद्र आत्तापासून कशाला?"

"कारण आत्ता माझं कपाळ माझ्या ताब्यात आहे," मी म्हणाले.