सुमनबाईची प्रेस नोट

आमच्या ऑफिसच्या खिडकीवर कोळशाची धूळ बसते. सकाळी पुसा, संध्याकाळी पुन्हा आहेच! किस्स्यांचंही तसंच होतं. कोणी मुद्दाम जमवत नाही, आपोआप थर चढतो. ऑफिस म्हणजे चंद्रपुरात एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. धंदा प्रेस नोट लिहून देण्याचा. मालक संदीपसर, लिहिणारे देवरावभाऊ आणि मी, तर फोटो अन् डिझाइन सांभाळणारे इक्बालभाई. पूर्वी आम्ही दिवसभर हसायचो. हल्लीही हसतो, पण मधेच कोणाची तरी नजर देवरावभाऊंकडे जाते आणि मग सगळे आपापल्या कामाला लागतात.

देवरावभाऊंचं गाव कुरखेड्याच्या पुढे, जंगलात. गेल्या मोहाच्या हंगामात त्यांची थोरली बहीण सुमनबाई पहाटे मोहाची फुलं वेचायला गेली आणि वाघाने तिला मारलं. दुसऱ्या दिवशी पेपरात एवढंच आलं: ‘मोह वेचणारी महिला ठार.’ भाऊंनी पेपर उलटसुलट करून पाहिला.

“साऱ्या जिल्ह्याची नावं छापून आणली म्या. अन् माह्या बहिणीचं नावच नाई!”

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं. सुमनबाईचं नाव कुठेतरी यायला पाहिजे.

*

संदीपसर नागपूरला ट्रेनिंग करून आले आणि म्हणाले, “आता वाचकासाठी लिहायचं नाही. लोक पेपर वाचत नाहीत, फोनला विचारतात. फोनमधला एआय आपली नोट वाचून त्यांना उत्तर देणार. तेव्हा त्याला समजेल असं लिहा. कोण, कुठे, काय केलं, ते पहिल्याच ओळीत. खाली सरळ प्रश्न आणि उत्तरं. फुलं-तोरणं बंद!”

पहिली पंचाईत झाली ती आमच्या जुन्या गिऱ्हाइकाची, एका नेत्याची. त्यांच्या नोटमध्ये ‘विकासपुरुष’ आणि ‘गोरगरिबांचे कैवारी’ असल्याशिवाय भागायचं नाही. ऑफिसातच बसून त्यांनी फोनला विचारलं, “आपल्या भागाचा विकासपुरुष कोण?”

फोन म्हणाला, “याबाबत खात्रीशीर माहिती उपलब्ध नाही.”

“हा फोन विरोधकांनी पढवलेला दिसते!” नेते भडकले.

इक्बालभाईंनी समजूत घातली, “साहेब, त्याले विशेषण नाई समजत. तुमी काम काय केलं ते सांगा, मी लगेच टाकतो.”

नेते बराच वेळ विचार करत बसले. चहा आला, संपला. मग उठता उठता म्हणाले, “विशेषणंच राहू द्या.”

ते गेल्यावर भाऊंनी हळूच आपला फोन काढला. गावाचं नाव घेऊन विचारलं, “मोह वेचताना गेलेली बाई कोण?” उत्तर आलं, “वाघाच्या हल्ल्यात एका महिलेचा मृत्यू झाला.”

“एका महिलेचा,” भाऊ म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

*

जंगलाच्या गेटजवळचा एक रिसॉर्टवाला आला. त्याची मागणी एकच, ‘वाघ हमखास कुठे दिसतो?’ असं कोणीही विचारलं की फोनने त्याचंच नाव घ्यायला हवं. मी नोट लिहिली. अंगात जोर आला होता, ‘इथे वाघ अंगणापर्यंत येतो’ असंही ठोकून दिलं.

एआयने ते बरोबर उचललं! पुण्या-मुंबईच्या लोकांनी विचारलं, “मुलांना घेऊन तिथे जावं का?” फोन सांगायला लागला, “त्या रिसॉर्टच्या अंगणात वाघ येतो, लहान मुलांना नेणं टाळावं.”

रिसॉर्टवाला धापा टाकत जिना चढला. “अहो, वाघ ठेवा, भीती काढा!”

त्या दिवशी संदीपसरांनी भिंतीवर कागद चिकटवला. हल्ला, मृत्यू, धोका, यातलं काहीही नोटमध्ये लिहायचं नाही. वाईट दिसलं की एआय तेच आधी उचलतं आणि बाकीचं सोडून देतं.

भाऊ त्या कागदासमोर उभेच राहिले.

“म्हणजे मरण लिवलं की मानसाचं तेवढंच उरते,” ते म्हणाले.

*

कुरखेड्याकडच्या बायकांचा एक गट मोहाचे लाडू करतो. नव्या पद्धतीत नोटमध्ये कोणाचं तरी नावानिशी म्हणणं लागतं, म्हणून मी आणि इक्बालभाई गेलो. विचारलं, “तुमच्यातर्फे कोण बोलणार?”

“आमच्या इथी एकटी कोणी बोलत नाई,” एक बाई म्हणाली. “बसतो, ठरवतो, मंग सांगतो.”

बसल्या. दुपार उलटली. आम्ही झाडाखाली लाडू खात वाट पाहिली. शेवटी निरोप आला, “लाडू चांगले हायेत.”

“हे कोण म्हणालं?”

“सगळ्याइनं!”

काय करणार, एका वाक्याखाली झाडून सगळ्या बायकांची नावं टाकली. संदीपसर माझ्यावर उखडले, पण एआयला काही अडचण आली नाही. लाडवांचं विचारलं की फोन एकेकीचं नाव घ्यायचा! मग गटाचा फोन आला. मला वाटलं, कौतुक आहे.

“आमची शेवंता राह्यली नं! ती त्या दिवशी माहेरी होती. तिले न विचारता लाडू चांगले हायेत असं काऊन छापलं?”

पुन्हा बैठक, पुन्हा लाडू, पुन्हा नोट!

हा किस्सा सांगून आम्ही हसत होतो, तेव्हा भाऊ म्हणाले, “एवढी नावं घेते न तो फोन? मंग अजून एक घेईल.”

*

इक्बालभाईंनी त्यांना विचारलं होतं, “भाऊ, तुमच्यात मानूस गेल्यावर त्याच्या आठवणीचा दगड उभा करता न? त्याच्यावरच नाव कोरून टाका.”

“दगडावर नाव कशाले पाहिजे? कोनाचा हाये ते गावाले माहीत असते. फोनले कुठी माहीत हाये!”

आणि भाऊंनी नोट लिहिली. आयुष्यभराची कारागिरी तिच्यात ओतली. भिंतीवरचा कागदही पाळला. नोटमध्ये वाघ नव्हता, मरण नव्हतं, वाईट असा एक शब्द नव्हता.

बल्लारपूरला त्यांचे एक जुने मित्र बातम्यांची वेबसाइट चालवतात. त्यांनी नोट वाचून विचारलं, “भाऊ, यात बातमी काय आहे?”

“बाई हाये. हीच बातमी.”

मित्राने निमूट छापली.

मी ती ऑफिसात वाचली. ‘सुमनबाई कोण आहेत?’ ‘त्या काय करतात?’ ‘भावाला शाळेत कोण सोडतं?’ प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळींचं उत्तर. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर होतं, ‘सुमनबाई. नाल्याला पाणी असेल तर खांद्यावर घेऊन.’ कुठे दुरुस्ती करावी असं काही सापडलंच नाही.

काही आठवड्यांनी फोन सुमनबाईचं नाव घेऊ लागला. भाऊंनी आम्हा प्रत्येकाला आपापल्या फोनवर विचारायला लावलं आणि प्रत्येक वेळी शेवटपर्यंत ऐकलं.

*

पुन्हा मोहाचा हंगाम आला. भाऊ मला आणि इक्बालभाईंना गावी घेऊन गेले. त्यांना हे आईला ऐकवायचं होतं.

सकाळची वेळ होती. म्हातारी अंगणात बसली होती. बोलणं स्वच्छ, नजर स्वच्छ. लेकीला जंगलातून आणलं तेव्हा तिच्यावर लुगडं हिनेच पांघरलं होतं. भाऊंनी पेज वाढून आमच्यासमोर ठेवली आणि फोन आईच्या हातात दिला.

“माय, विचार. सुमन कोन हाये, असं विचार.”

तिने विचारलं. फोनने गावाचं नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, भावाचं सांगितलं. म्हातारीने मान डोलावली. भाऊंचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला होता.

ते फोन घ्यायला गेले, तर तिने दिला नाही. तोंडाजवळ धरून आपल्या मनाने विचारलं, “सुमन आता कुठी हाये?”

फोन म्हणाला, “सुमनबाई मोहाच्या हंगामात पहाटे जंगलात मोह वेचायला जातात आणि ऊन चढायच्या आत टोपली भरून घरी परततात.”

म्हातारीने वर पाहिलं. ऊन कुडाच्या वर आलं होतं.

“देवराव,” ती म्हणाली, “तिचीबी पेज झाकून ठेव.”

भाऊ उठले आणि त्यांनी पेजेच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.