डार्विनच्या बाकाला फुटलेले लोखंडी हात

सहल कशी झाली, असं विचारणाऱ्यांना मी सध्या एकच उत्तर देते आहे: डोकं फिरलं. डार्विनला जायचं असेल तर जरूर जा. पण हे वाचून जा.

निमित्त रूबीचं. मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीत आम्ही दोघी फर्निचर डिझाइन शिकलो. ती ऑस्ट्रेलियातली आदिवासी, तिच्या भाषेत ब्लॅकफेला. मागच्या वर्षी तिचा थोरला भाऊ गेला आणि तिच्या वडिलांनी बोलणंच टाकलं. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत. पण वडिलांनी मुलाचा विषयही घरात येऊ दिला नाही. रूबीनं त्यावर आपल्या पद्धतीचं औषध काढलं. डार्विनला, त्यांच्या समाजकेंद्राच्या अंगणात, समुद्रासमोर, आंब्याखाली, तिनं एक बाक बांधला. ‘‘शनिवारी डॅडला घेऊन बसणार आहे, ये,’’ असा तिचा फोन आला आणि मी तिकीट काढलं.

तिथल्या हिवाळ्यातच जा, म्हणजे जून ते ऑगस्ट, तेव्हा तिथे पाऊस नसतो. विमानाचं तिकीट मात्र आधीच काढा, ऐनवेळी भाव ऐकून घाम फुटतो. गाडी भाड्यानं घ्याच, तिथे सगळं लांब लांब आहे. शनिवारी सकाळी पॅरप या उपनगरातल्या बाजारात आम्ही लक्सा खाल्ला. नारळाचा झणझणीत रस्सा आणि नूडल्स, नाक वाहायला लागलं. वाडगा संपेपर्यंत रूबी बाकाबद्दलच बोलत होती.

‘‘आमच्यात जड बोलायचं तर समोरासमोर बसत नाहीत गं. डोळ्यांत बघितलं की माणूस मिटतो. खांद्याला खांदा लावून बसायचं आणि दोघांनी समुद्राकडे बघायचं.’’

म्हणून बाक लांबलचक, किंचित बाहेरच्या बाजूला वळलेला. मांडी घालून बसता येईल इतका रुंद. गुडघे दुखणाऱ्यांना उठताना धरायला दोन्ही टोकांना लाकडी मुठी. एवढा विचार मी आमच्या ऑफिसात कुणाला करताना पाहिलेला नाही.

आम्ही पोचलो तर त्या बाकावर ओळीनं लोखंडी हात ठोकलेले. प्रत्येक माणसाचा वेगळा खण. जागा ज्या संस्थेच्या ताब्यात आहे तिचा माणूस शेवटचा बोल्ट आवळत होता.

‘‘हे कुणी सांगितलं?’’ रूबीनं त्याला विचारलं.

‘‘मेट, बसायला कुणी नाही म्हटलंय का?’’ तो अगदी मित्राशी बोलावं तसा हसतमुख. ‘‘एकेकानं बसा. नाहीतर हे लोक इथे झोपतात.’’

हे लोक! असं म्हणताना माणसाचा सूर कसा होतो, ते मला ऑस्ट्रेलियात येऊन शिकावं लागलं नाही. आमच्या बौद्ध वस्तीबद्दल तो सूर मी लहानपणापासून ऐकला आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘‘आणि झोपले तर तुझं काय जातं?’’ मी मराठीत ओरडले आणि मग इंग्रजीतही ओरडले. ‘‘नो वरीज,’’ म्हणत त्यानं पाना पिशवीत टाकला आणि तो गेला.

तेवढ्यात रूबीचे वडील आले. सगळे त्यांना अंकल म्हणतात, मीही म्हटलं. ते एका खणात बसले. रूबी शेजारच्या खणात बसली. मधल्या लोखंडावर त्यांनी हात ठेवून पाहिला.

‘‘कुंपण आहे हे,’’ ते म्हणाले.

मग ते उठले आणि सरळ जमिनीवर बसले, बाकाला पाठ टेकून. रूबी त्यांना चिकटून बसली. दोघं समुद्राकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं अंकलचे ओठ हलताना दिसले. मी चहा आणायच्या निमित्तानं तिथून सटकले.

परतले तेव्हा रूबी रडत होती आणि अंकलचा हात तिच्या डोक्यावर होता. ‘‘त्याच्याबद्दल बोलले,’’ एवढंच ती मला म्हणाली.

किती छान, असं आता कृपा करून कुणी कमेंटमध्ये लिहू नका. अंकलना जमिनीवरून उठता येईना. आम्ही दोघींनी काखेत हात घालून त्यांना उठवलं, तेव्हा वेदनेनं त्यांचा चेहरा पिळवटला होता. पोरीनं बापासाठी बाक बांधला आणि बापाला मातीत बसावं लागलं. मी त्या संस्थेला खरमरीत पत्र धाडलं आहे. उत्तर अजून नाही.

मेलबर्नच्या कडेला, डँडेनॉन्गला घरी आले. नागपूरहून आई आलेली आहे. आमच्या हॉलमध्ये सोफे समोरासमोर आहेत आणि तिथे आम्ही फक्त टीव्हीबद्दल बोलतो. त्या संध्याकाळी मात्र मी तिला मागच्या पायरीवर घेऊन बसले, खांद्याला खांदा लावून, आणि सगळं सांगितलं.

आई कुंपणाकडे बघत होती. ‘‘मी शाळेत जमिनीवरच बसायची,’’ ती म्हणाली. ‘‘माझं गोणपाट वेगळं होतं. रोज घरून न्यायची.’’

हे तिनं मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे वळले नाही, समोरच बघत राहिले.

‘‘वर्गात बाक नव्हते का?’’

‘‘होते ना,’’ आई म्हणाली. ‘‘शेवटचा तर रिकामाच असायचा.’’