मनगटावरची पकड

ढोकीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात टीव्हीवर कबड्डी लागली, की शेजारच्या पिठाच्या गिरणीतले काका येऊन माझ्या बाकावर बसतात, डावा पाय सरळ लांब करून. तो पाय कशानं आखडला, हे मी कधी विचारलं नाही. चढाईवाला आत शिरला, की साखळीतल्या खेळाडूसारखं ते माझं मनगट गच्च धरतात. घरी जाईपर्यंत त्यावर पिठाची बोटं असतात.

आमच्या संघाच्या डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूवर त्यांचा भारी राग. "गुडघा गेलाय त्याचा. एवढी बोली लावून घेतला कशाला?"

"पकडी तर करतोय की, काका."

"लंगड्याला कोण ठिवतंय? काढून टाका." सीझनभर हेच.

यंदाचा लिलावही आम्ही तिथंच बघितला. त्या बचावपटूचं नाव पुकारलं. कुणीच बोली लावली नाही. मागून कुणीतरी हसत म्हणालं, "काका, तुमचंच खरं झालं बघा."

पडद्यावर मैदान नव्हतं, चढाई नव्हती, तरी काकांनी माझं मनगट धरलं. पुढची नावं भराभर विकली जात होती. पकड सुटत नव्हती.