सुखदेवला हाक कोणी मारायची

"मग बोंडासूर त्याला पहिल्याच लेव्हलला का धरत नाही?" क्लायंटने मीटिंगमध्ये एवढंच विचारलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी पुण्यात मोबाइल गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. काम काय, तर पात्रांना नावं देणं. गावाकडे सांगितलं की लोक विचारतात, याचाही पगार देतात का? देतात बाबा. गेम राक्षसांचा असला तरी त्यातली माणसं कुठल्या तरी गावची वाटायला हवीत, आणि ते काम निम्मं नावच करतं.

हा गेम कपाशीच्या मुलखातला होता. मी त्याच मुलखातल्या धाडजवळचा, त्यामुळे भलताच खूश होतो. बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळीची कटकट गेली म्हणून आमच्या गावाने हुश्श केलं होतं. काही वर्षांनी त्याच बीटीच्या बोंडांत गुलाबी अळी निघाली. बाहेरून बोंड ठणठणीत, फोडलं की आत सगळं किडकं. आमचा बोंडासूर त्याच जातीचा. कोणाच्या तोंडून तुमचं नाव त्याच्या कानावर पडलं की तो तुमच्या आत शिरतो, बाहेरून काही दिसत नाही. नायकाचं नाव मी सुखदेव ठेवलं होतं. ते त्याच्या वारलेल्या आजोबांचं. आजोबाचं नाव नातवाला, ही आमच्याकडची रीत.

आणि पहिल्याच लेव्हलला सुखदेवची आई दारातून ओरडते, "सुखदेवा, जेवाले ये." बोंडासूर शेजारच्याच वावरात बसलेला. म्हणजे गोष्ट तिथेच संपायला हवी.

क्लायंट म्हणाला, सोमवारपर्यंत हे सोडवा. नाहीतर नावाची भानगडच काढून टाकू आणि जगात कुठेही चालतील अशी दोन-तीन अक्षरी नावं टाकू. तशी नावं टाकायला माझी गरज नव्हती. म्हणजे नोकरीच जाणार.

शनिवारी घरी गेलो, कारण अळीसाठी कामगंध सापळे लावायला बापाला हात हवा होता. नर पतंग वासाने येऊन त्यात अडकतात. सापळे बांधता बांधता नेहाला, म्हणजे आमच्या टीम लीडला, फोनवर एकेक उपाय सांगत होतो. राक्षस बहिरा करू. आई मुकी करू.

"तुळशीराम, काहीही बोलू नकोस," नेहा म्हणाली आणि फोन ठेवला. मीही वैतागून मोबाइल घरी चार्जिंगला लावून आलो.

संध्याकाळी अंगणात पाय धूत होतो, तेव्हा नेहाचा फोन आला. आईने उचलला. ती नेहमी स्पीकरच लावते.

"काकू, तुळशीराम आहे का?"

"आबा आत्ताच आला वावरातून. पाय धुऊन राह्यला."

"आबा नको. तुळशीराम हवाय मला."

"तोच तो."

"म्हणजे तुळशीरामच ना?"

"हाव बाई, तेच." आईने फोन माझ्या हातात दिला.

"तुझी आई तुझं नाव का घेत नाही? चिडल्यात का?" नेहाने विचारलं.

"चिडेल कशाला? आजोबांचं नाव आहे ते. सून सासऱ्याचं नाव कशी घेईल?"

नेहाने हळूच विचारलं, "आणि सुखदेव कोणाचं नाव आहे?"

"आजोबांचं," मी म्हणालो, आणि दोघंही हसत सुटलो.

आई मला आबा म्हणते, म्हणून भाऊबंद, मित्र, सगळेच आबा म्हणतात. जन्मभर ही हाक ऐकून तिचं काही वाटेनासं झालं होतं. गेममध्येही तेच केलं. आई हाक मारते, "आबा, जेवाले ये." बोंडासूर कान देऊन ऐकतो, पण गावात गल्लोगल्ली आबा. शिरायचं कोणात? बाकी गोष्टीला हात लावावा लागला नाही, फक्त हाका पुन्हा रेकॉर्ड केल्या.

सोमवारी क्लायंटला सगळं समजावलं. तो बंगळुरूचा.

"मेरी मम्मी भी भैया को अप्पू ही बोलती है," तो म्हणाला. "दादाजी का नाम है ना. रख लो, बढ़िया है."

सुटलो. बाहेर येऊन आधी आईला फोन केला. नोकरी राहिली, सांगितलं. मग सहज विचारलं, "मले शाळेत घातलं तवा गुरुजीले नाव कसं सांगितलं त्वा?"

"रजिया चाचीले संगं नेलं होतं," आई म्हणाली. चाची आमच्या शेजारच्या. "तिनं सांगितलं. मी नुस्ती मान हलवली."

हे मला ठाऊकच नव्हतं.

आता पात्राला नाव देताना मी आधी एवढंच विचारतो, की घरातलं कोण हे नाव घेणार नाही. नवीन पोरं हसतात. उत्तर मिळाल्याशिवाय मी नाव पुढे पाठवत नाही.