कुंडावरचे अप्पा

"काच बसलेली दिसते गं, पण तिच्या आत ये-जा चालूच असते," असं अप्पा उठता-बसता म्हणायचे. लेकीला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. दोघं एकाच कारखान्यात कामाला. अप्पा वितळलेल्या मिठाच्या कुंडावर, लेक तपासणीच्या टेबलावर.

हे मीठ जेवणातलं नव्हे, पोटॅशियमचं. तापलं की पाण्यासारखं पातळ होई. अप्पा चष्म्याच्या काचा जाळीत उभ्या लावून त्यात सोडत आणि दिवसभर राखण करत.

"बाकावरून बारकं पोरगं उठलं आणि तिथं पैलवान बसला, तर शेजारच्यांची काय गत होते? काचेतलं सोडियम बाहेर पडतं, थोराड पोटॅशियम त्याच्या जागी घुसतं. काचेची कातडी अशी दाटते, की फुटायचं नाव घेत नाही."

पण पैलवान चालतो सावकाश, आणि अप्पांचे गुडघे आता वाट बघायला तयार नव्हते. घरी आले की भिंतीला पाठ लावून बसत. पुढ्यातलं ताट निवून जाई. मागचा माल फुटला, तेव्हा मुकादम तोंडावर म्हणाला होता, "पुन्हा असं झालं तर कुंड दुसऱ्याकडे. तुम्ही झाडू घ्या."

आज अप्पा जाळी घेऊन आले, ते गुडघा चोळतच.

"एवढ्यात काढल्या?" लेकीनं विचारलं.

"आच वाढवली. भराभर शिरलं आत."

लेकीचा हात थांबला. आच वाढली की ये-जा वाढते, खरं. पण काचही ढिली पडते. बाकावरचे सरकून जागा देतात आणि सगळी दाटी निघून जाते.

"अप्पा, तुम्हीच ना शिकवलंत मला?"

"शिकवलं. पाय ऐकेनात त्याला काय करू?"

मुकादम दाराशी पाठ करून फोनवर बोलत होता. तपासणीत काचेवर पोलादी गोळी टाकून बघत; ती किती उंचीवरून सोडायची याची खूण लेकीनं हळूच खाली सरकवली. कमी उंचीवरून पडली तर काच तगली असती.

"वर घे," अप्पा म्हणाले.

"अहो अप्पा, तो बघत नाहीये."

"वेल्डिंगवाल्याच्या डोळ्यापुढं बसणार आहे ती. वर घे म्हणतो ना!"

तिनं खूण वर घेतली. गोळी सोडली. काचेचा चुरा झाला आणि मुकादम वळला.

त्यानं काही विचारायच्या आधीच अप्पांनी चामडी हातमोजे काढून टेबलाच्या कडेला ठेवले. "गरम आहेत. हात लावू नकोस," एवढंच लेकीला म्हणाले. मग भिंतीचा आधार घेत, कुंडाकडे न बघता, फाटकाकडे निघाले. दुसरी काच हातात धरून लेक त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मुकादमही बघत होता, फोन तसाच कानाला.