दुसऱ्याच्या घरात

टेकडीची पायवाट सुरू झाली की काकूंचे दोन्ही हात पाठीमागे जायचे आणि बोटं एकमेकांत अडकायची. मग वळून आम्हाला हुकूम, "हात मागे! दुसऱ्याच्या घरात आलोय."

वर्तकनगरच्या वसाहतीतली आम्ही सहा-सात मंडळी रोज सकाळी मागच्या जंगलात फिरायला जायचो. तुमच्याही फिरायच्या टोळीत अशी एखादी हेडमास्तरीण असेलच. काकू मूळच्या संगमेश्वराकडच्या. त्यांच्या गावच्या देवराईतून वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नसे. तो नियम त्यांनी थेट ठाण्यात आणून वनखात्याच्या जमिनीला लावला. मी एकदा मोहाची दोन पडलेली फुलं खिशात टाकली, तर परत ठेवायला लावली. तीही जिथल्या तिथे!

जंगलावर आमचाही जीव होता, पण आमच्या पद्धतीने. आम्ही दगडी पायऱ्या रचल्या, माकडांना फरसाण घातलं, आणि कुणाच्या घरचं माणूस गेलं की त्याच्या स्मरणार्थ वर सिमेंटचा बाक बसवला. काकूंचे यजमान गेले तेव्हा तर त्यांना न विचारताच ऐनाच्या झाडाखाली बाक ठेवून मोकळे झालो. काकूंनी तो काही काढायला लावला नाही. उलट रोज थोडा वेळ तिथे टेकायच्या. तेवढ्यापुरते हात सुटायचे आणि एक तळवा शेजारच्या मोकळ्या जागेवर असायचा. आम्ही तेव्हा पुढे निघून जायचो.

हे जंगल संरक्षित करा, माणसांची ये-जा बंद करा, असा धोशा काकूंनी कित्येक वर्षं लावला होता. शेवटी वनखात्याने मनावर घेतलं आणि त्यांचे साहेब वसाहतीच्या हॉलमध्ये बोलायला आले. आमच्या टोळीतल्या सावंतांचा पारा चढला. त्यांच्या वडिलांचाही बाक वर होता.

"अहो काकू, जंगल सांभाळलं आपण, आणि बंदी आपल्यालाच?"

"आपण कुठे सांभाळलं, सावंत? आपण नुसतं जात होतो. रोज सकाळी सात पाहुणे म्हटल्यावर बिबट्याने जायचं कुठे?"

लोक हसले. मग साहेबांनी सांगितलं, की आतलं सगळं काढावं लागेल, बाकसुद्धा. हसू थांबलं. कुणी कुणाकडे बघेना.

काकू उठल्या. "आमच्या ह्यांचा आधी उचला," म्हणाल्या. "आणि लवकर उचला हो साहेब. माझा विचार बदलायच्या आत."

पायवाटेवरचं नवं गेट बंद झालं त्या सकाळी आम्ही सगळे गज धरून आत डोकावत होतो. काकू दोन पावलं मागे उभ्या होत्या. हात पाठीमागेच, पण बोटं इतकी आवळलेली की पांढरी पडली होती. मला फार वाईट वाटलं. चहाला चला म्हटलं, तर मुकाट्याने आल्या.

गेल्या वर्षी काकू गेल्या. बाकाचा विषय सावंतांनीच काढला. "निदान कंपाउंडमध्ये तरी एक..." म्हणाले, आणि स्वतःच म्हणाले, "नको. ओरडतील."

तेराव्याला जेवणं झाल्यावर आम्ही सहज गेटपर्यंत चालत गेलो. आत कारवी माजली होती. ऐन लांबून दिसत होता, पण बाक कुठे होता ते सांगता येईना. गेटजवळ मोहाची फुलं पडली होती. सावंत वाकले, थोडा वेळ बघत राहिले आणि सरळ झाले.

त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते.