जपून ठेवलेलं इंजिन

मी एका सज्जन माणसाचं रेल्वेचं इंजिन भांड्यांच्या साबणाने धुतलं, जुन्या टूथब्रशने घासलं आणि वरून खोबरेल तेलाचा हात फिरवला. हे सगळं मी पूर्ण शुद्धीत केलं, आणि करून झाल्यावर स्वतःवर खूशही झाले. तेव्हा मी तिशी ओलांडली होती. जगात जे काही बिघडतं ते वेळच्या वेळी न घासल्यामुळे बिघडतं, अशी माझ्यातल्या तेव्हाच्या त्या बाईची ठाम समजूत होती.

इंजिन वीतभर लांब, वर दोन बोटं. त्याला खेळणं म्हणायची मात्र सोय नव्हती. आम्ही सौदी अरेबियात, जुबैलला, कंपनीच्या वसाहतीत राहत होतो. शेजारचे भावजी मूळ नाशिकचे, आमच्या ह्यांच्याच खात्यात इंजिनिअर, एकटे राहायचे. त्यांच्या घरात शोभेची वस्तू एवढीच: ब्रिटिश रेल्वेच्या एका डिझेल इंजिनाची शहात्तर पटींनी लहान केलेली प्रतिकृती. अंग निळं, तोंड पिवळं, खिडक्यांना वायपरसुद्धा. आणि सगळ्यावर काजळी, तेलाचे ओघळ, चाकांपाशी गंजाचा तांबूस थर.

त्या वर्षी आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ते महिनाभर नाशिकला निघाले. नेमकं तेव्हाच कंपनीने त्यांचं घर रंगवायला काढलं. म्हणून जायच्या आदल्या दिवशी ते इंजिन टॉवेलात गुंडाळून आमच्याकडे आले आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात देत एवढंच म्हणाले, “वहिनी, जपून ठेवा.”

आता जपणं म्हणजे काय? माझ्या माहेरी जपणं म्हणजे पुसणं. पितळेचा डबा जपला म्हणजे चिंच लावून लखलखीत केला. हात न लावणं हेही जपणंच असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्यात दिवाळी आली. तिथली दिवाळी म्हणजे पडदे ओढून लावलेल्या चार पणत्या, पण साफसफाईला पडदे ओढावे लागत नाहीत. आठवडाभर वाळूचा वारा वाहत होता. घरातली प्रत्येक वस्तू दिवसातून दोनदा पुसत होते, आणि कपाटावरून हे मळकं इंजिन माझ्याकडे बघत होतं. पुरुष एकटा राहतो, बिचाऱ्याला कुठलं सुचणार, असं म्हणून मी त्याला उचललं ते थेट मोरीत नेलं. पाणी काळं येऊ लागलं तसा माझा उत्साह वाढला. बाळाला न्हाऊ घातल्यासारखं कोरडं केलं, तेल लावलं आणि संध्याकाळी ह्यांना दाखवलं.

ह्यांनी इंजिनावरून बोट फिरवून त्याचा वास घेतला. मग खुर्ची ओढून बसले आणि मला समजावून सांगितलं की तो मळ मळ नव्हता. भावजींनी जवळजवळ वर्षभर, दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, बारीक कुंचल्याने रंगांची पूड बसवत तो तयार केला होता. वरून वॉर्निशही मारलं नव्हतं, कारण वॉर्निशने काजळीचा रंग मरतो. कंपनीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस मी इंजिन परत मळवत होते. तव्याखालची काजळी लावली, ती राखाडी दिसली. डोळ्यांत घालायचं काजळ लावलं, ते चकाकलं. गंजासाठी नाचणीचं पीठ भुरभुरलं, ते तेलावर बसलं आणि इंजिनाला धिरड्याची कळा आली. हे म्हणाले, अजून हात लावशील तर उलथनं घेऊन बस. शेवटी ते सगळंही धुतलं. माणूस परत येणार, दार वाजवणार आणि मला सांगावं लागणार, एवढंच उरलं.

भावजी आले. मी चहासुद्धा न विचारता सांगून टाकलं, साबणापासून धिरड्यापर्यंत. त्यांनी इंजिन खिडकीपाशी नेलं, उजेडात फिरवलं आणि ड्रायव्हरच्या दाराखाली अंगठा फिरवत राहिले. तिथे एक डाग होता, ते म्हणाले. कुठल्या डागाबद्दल बोलताहेत हे मला कळलं, कारण तोच सगळ्यात चिवट निघाला होता.

मग त्यांनी पहिल्यांदाच वडिलांबद्दल सांगितलं. वडील नाशिकहून इंग्लंडला गेले आणि एका डिझेल शेडमध्ये लागले. ही इंजिनं तेव्हा नवीकोरी, हिरव्या रंगाची होती. निळी नंतर झाली. चालताना ट्रॅक्टरसारखी घरघरायची म्हणून लोक त्यांना ट्रॅक्टरच म्हणत. भावजी दहा वर्षांचे होईपर्यंत तिथे होते. पुढे आई त्यांना घेऊन परत आली, वडील तिकडेच राहिले आणि तिकडेच गेले. एक फोटो तेवढा होता: इंजिनाला तळहात टेकून उभे असलेले वडील. भावजींनी दाराखाली रंगवलेला डाग त्या तळहाताचा होता.

माझी नात परवा मोबाईलवर त्या इंजिनांचे व्हिडिओ शोधून म्हणाली, “आजी, दे आर स्टिल रनिंग!” त्यातली काही इंजिनं साठी उलटूनही ओझी ओढताहेत म्हणे. मी म्हटलं, मीही ओढतेच आहे, माझा व्हिडिओ कुणी काढत नाही. पण मग मला ती खिडकी आठवली, आणि तिच्यापाशी उभी असलेली ती तेव्हाची घासघाशी बाई.

तुमचे वडील तिथे काय करायचे, एवढंच तिने कसंबसं विचारलं. ड्रायव्हर असतील, अशी तिची समजूत.

भावजींनी इंजिन टॉवेलात गुंडाळलं. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “इंजिनं धुवायचे, वहिनी. मी वर्षभर मळ चढवत बसलो, त्यांचं काम केलंत ते तुम्ही. फक्त खोबरेल त्यांनी कधी लावलं नाही.”